उपचार संपल्यानंतरचे दिवस

२ जून २०२५, सोमवार

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बहुतेक एकच ओळ असते : ‘तीन महिन्यांनी दाखवणे’. मधल्या तीन महिन्यांत काय करायचं, ते तिथे नसतं. मोठ्या इस्पितळांतल्या ओपीडीची गर्दी मी पाहिली आहे. तिथल्या डॉक्टरांच्या हाती जी चार-पाच मिनिटं असतात, त्यांत गाठ परत आली नाही ना, एवढंच बघून होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण गाठ परत आली नाही म्हणजे माणूस पूर्ववत झाला, असंही नाही.

कराडात माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ही माणसं येतात ती खांदा वर जात नाही, हात सुजलाय, तोंड उघडत नाही म्हणून. घरी पेढे वाटून झालेले असतात. ‘आता बरा झालास’ असं सगळ्यांनी म्हटल्यावर, अजून जिना चढताना धाप लागते, रात्री झोप येत नाही, हे सांगायचं कुणाला? उपचार चालू असताना दारात पाहुण्यांची रीघ असते. ते संपले की रीघही आटते, आणि नेमकी तेव्हाच सोबतीची गरज असते.

५ जून, गुरुवार

उसाच्या ट्रॅक्टरवरचे एक दादा आले, पंचेचाळिशीचे. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, छातीचा तुकडा काढून गालाला लावला, नंतर रेडिएशनचे शेक घेतले, त्यांच्या भाषेत ‘तीस लायटी’. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पट्टी धरली : १९ मिलिमीटर. ३५ च्या खाली गेलं की आम्ही त्याला ट्रायसमस म्हणतो. यांच्या तोंडात जेमतेम एक बोट जातं.

“भाकरी दुधात कुस्करून देते मॅडम, तरी पाऊण तास लागतो,” वहिनी म्हणाल्या. “लग्नाला गेलं तर पंगतीला बसत न्हाईत. जेवून आलोय म्हणून सांगतात.”

आइस्क्रीमच्या लाकडी काड्या काढल्या. एकीवर एक रचून दाढांच्या मध्ये सरकवायच्या, ताण जाणवेल तिथे थांबायचं, अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं. नववीपर्यंत ठीक चाललं. दहाव्या काडीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिथेच थांबवलं. दिवसातून चार-पाच वेळा हे करायचं आणि बरं वाटलं तरी सोडायचं नाही. कारण शेक दिलेले स्नायू शेक संपल्यावरही कित्येक महिने आखडत राहतात.

उठता उठता म्हणाले, “एक दाढ हलतीया, उद्या काढून टाकतो.” मी त्यांना परत खाली बसवलं. शेक बसलेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो. अशा जागची दाढ उपटली तर जखम भरत नाही, हाड कुजायला लागू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं आणि डेंटिस्टला लायटींचे कागद दाखवायचे. मानेलाही शेक बसलाय, तेव्हा दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलं की थकवा येतो, वजन वाढतं, आणि घरच्यांना वाटतं माणूस आळशी झाला.

दोस्त अजून पुडी पुढे करतात, असंही कळलं. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घालून दिला : १८००-११-२३५६.

१२ जून, गुरुवार

शिकागोच्या कॅन्सर परिषदेत या महिन्यात मांडलेला अभ्यास वाचून काढला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली. उरलेल्यांना माहितीपत्रकांबरोबरच तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक दिला. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटातले सुमारे ८० टक्के कॅन्सरमुक्त होते, दुसऱ्या गटातले ७४. आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ८३.

यातली मला सर्वांत मोलाची वाटली ती त्या मार्गदर्शकाची सोबत. व्यायाम चांगला, हे दोन्ही गटांना कागदावर मिळालं होतं. फरक पडला तो ‘या आठवड्यात किती चाललात’ असं विचारणारं कुणीतरी होतं म्हणून. आपल्याकडे आपण माहितीपत्रक देतो, आणि कित्येकदा तेही देत नाही.

३ जुलै, गुरुवार

कंबर धरली म्हणून चोवीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. जुने आजार विचारले तेव्हा आईने नजरेनेच त्याला गप्प केलं. कंबर तपासून झाल्यावर तो आपणहून बोलला : सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून घरात तो विषय काढायचा नाही, असं ठरलंय.

मी आईला शेजारी बसवलं. मुलगा बरा झालाय, ही लपवण्याजोगी गोष्ट नाही, असं सांगितलं. त्या वेळच्या केमोतल्या काही औषधांनी पुढे कित्येक वर्षांनी हृदय कमकुवत होऊ शकतं, म्हणून ठरावीक काळाने इको काढावा लागतो. जी गोष्ट घरात बोलायचीच नाही, तिची तपासणी कोण करून घेणार? लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांसाठी टाटा हॉस्पिटलात १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. तिशी-चाळिशी गाठलेली माणसंही तिथे तपासणीला जातात, हे ऐकून आईचा चेहरा सैलावला. जुने कागद माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत म्हणाल्या. ते काढून आणायला सांगितलंय.

१५ जुलै, मंगळवार

ट्रॅक्टरवाल्या दादांचं तोंड २६ मिलिमीटर झालं. पण गडी खचलेला. पुढच्या आठवड्यात मुंबईला तपासणी आहे, तारीख जवळ आल्यापासून झोप उडाली आहे. वहिनीही जाग्याच असतात. त्यांची झोप कुणी विचारत नाही.

‘पुन्हा काही निघालं तर’ ही भीती जवळपास प्रत्येकाला असते, त्यात वेडेपणा काही नाही, हे आधी सांगितलं. तपासणीआधीच्या दिवसांत शेतावरचं ठरलेलं काम सोडायचं नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्यायचे, रिपोर्ट ऐकताना दोघांनी आत जायचं. पंधरा दिवसांहून जास्त मन असंच उदास राहिलं तर १४४१६ वर फोन करायचा. टेलिमानसची ही सेवा मराठीतही आहे.

प्रवासखर्चाचीही धास्ती होती. तपासणीला जातानाही रेल्वेची सवलत मिळते, हे त्यांना माहीतच नव्हतं. इस्पितळाचा सवलतीचा फॉर्म भरून घेतला तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरला किंवा थ्री-एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट.

जाताना वहिनी दारात थबकल्या. जाऊबाईंनी यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय, म्हणाल्या. ताटाने, श्वासाने, शेजारी बसल्याने कॅन्सर लागत नाही. हे जाऊबाईंना मीच सांगेन. रविवारी त्यांच्या घरी चहाला जाणार आहे.

२६ जुलै, शनिवार

येत्या मंगळवारी नागपंचमी. कासार दारी आला तेव्हा डाव्या हातात बांगडी शिरेना, म्हणून काकू घाबरून आल्या. वर्षापूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढलेल्या. टेप लावला : मनगटाच्या वर दहा सेंटिमीटरवर डावा हात उजव्यापेक्षा अडीच सेंटिमीटरने जाड. हा लिम्फिडिमा. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसीका द्रव वर परतायची वाट अरुंद होते.

लवकर आल्या, हे फार चांगलं झालं. हाताला बसणारा दाबाचा स्लीव्ह, हलके व्यायाम, कातडी मऊ ठेवायला रोज तेल किंवा मलम. खुरपताना हातमोजे, कारण काटा लागून हात लाल झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्त आणि बीपी शक्यतो उजव्या हाताचं. बांगड्या उजव्या हातात भराव्यात, डावा मोकळा.

बोलता बोलता समजलं की रोजची लेट्रोझोलची गोळी त्यांनी कधीच बंद केली आहे. “ट्रीटमेंट संपली म्हणाले की वो. आन् गोळीनं गुडघं धरत्यात.” ही गोळी पाच वर्षं तरी घ्यायची असते, कॅन्सरच्या परतीची वाट अडवते ती हीच. तिने सांधे दुखतात हे खरं, पण नियमित चालण्याने ते दुखणं कमी होतं, आणि अगदीच सोसेना तर डॉक्टर औषध बदलून देतात. हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा तपासणी. तिथूनच त्यांच्या सर्जनना फोन लावून दिला. सोमवारपासून गोळी पुन्हा सुरू.

मग दार लोटून घेऊन, मालकांजवळ जायला नको वाटतं, दुखतं, हेही त्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून आजवर बोलल्या नव्हत्या. त्यावरही उपाय असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी दिली.

२ ऑगस्ट, शनिवार

आज ही सगळी मंडळी दवाखान्यात एकत्र बसली, आपापल्या पुढच्या काळजीचा कागद तयार करायला. फिट्झह्यू मलन हे अमेरिकन डॉक्टर बत्तिसाव्या वर्षी स्वतः कॅन्सरमधून गेले. उपचार संपल्यानंतरचा काळ हा आजाराचा वेगळा टप्पा आहे आणि त्याची वेगळी काळजी लागते, असं त्यांनी १९८५ मध्ये लिहिलं. पुढे २००५ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली : उपचार संपताना प्रत्येक रुग्णाला झालेल्या उपचारांचा सारांश आणि पुढच्या काळजीचा आराखडा लेखी द्यावा.

आम्ही तो मराठीत, एका पानावर केला. कोणता कॅन्सर, कोणतं ऑपरेशन, कोणती केमो, किती शेक आणि कुठे. कोणती गोळी किती वर्षं. कोणती तपासणी कोणत्या महिन्यात. काय दिसलं तर थांबायचं नाही. रोजचा व्यायाम. काळजी घेणाऱ्याचं नाव आणि त्याच्या तब्येतीसाठी एक ओळ. जाड फायली उलटून, एकमेकांना विचारत, सगळ्यांनी आपापलं पान भरलं. काकूंनी आपल्या पानावर गोळीची वेळ स्वतःच्या हाताने लिहिली.

हे पान डिस्चार्ज कार्डासोबतच मिळायला हवं; तोही उपचारच आहे. पुढच्या बैठकीला तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांना, डेंटिस्टना आणि आशाताईंना बोलावलं आहे. मुंबईचे डॉक्टर तीन महिन्यांनी भेटणार. दाढ दुखली, हात लाल झाला, झोप उडाली की ही माणसं जाणार ती यांच्याकडेच.