पाण्याची पारख

तिरुवलंचुळीच्या देवळाची कथा जमिनीखालच्या पाण्याची आहे. कावेरी देवळाला वळसा घालून निघाली, आदिशेषाच्या बिळात शिरली आणि दिसेनाशी झाली. चोळ राजा हवालदिल झाला. मग एका ऋषींनी त्या बिळात स्वतःला झोकून दिलं, तेव्हा कुठे नदी वर आली. कुंभकोणमच्या आसपास वाढलेल्या आम्हा तंजावरी मराठी मुलांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की नदी जमिनीत जाते आणि परत येते याचं कुणाला नवल वाटत नसे. त्या देवळातला श्वेतविनायक समुद्रफेसाचा म्हणतात. त्याला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती पच्चकर्पूराची, म्हणजे खायच्या कापराची, पूड.

त्या दिवसांत पाण्याची तपासणी घरोघरी व्हायची, फक्त तिला कुणी तपासणी म्हणत नसे. आजी पहिल्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन आधी हुंगायची, मग जिभेवर घोळवायची. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीचं श्रेय जग दुधाला देतं; आमच्या घरात ते विहिरीला मिळायचं. तूरडाळ लवकर शिजली नाही की 'पाणी जड झालं' हा निकाल ठरलेला. कुणाच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं हे सगळ्या गल्लीला पाठ. रॉकेलचा डबा विहिरीच्या कठड्यावर टेकवला तर आजी असा आवाज चढवायची, की शेजारचे डोकावून बघत. मातीचीही अशीच पारख होती. शेजारच्या स्वामीमलईचे स्थपती मूर्तीच्या साच्यासाठी कावेरीचा बारीक गाळ निवडत, तो बोटांत चोळून.

तेल आलं ते या गाळाच्या कितीतरी खालून. 1980च्या दशकात कावेरी खोऱ्यात ओएनजीसीला तेल आणि वायू सापडले, 1993 साली नागपट्टणमजवळ नरिमनमच्या बाजूला रिफायनरी सुरू झाली. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच होतं. भाताच्या कोठारात तेलही निघालं म्हणून वडीलधारी मंडळी खूश होती. वाहिन्या शेतांखालून गेल्या, वर पुन्हा कुरुवईचं भात लागलं.

30 जून 2017 रोजी कदिरामंगलममध्ये वाहिनी फुटली आणि कच्चं तेल शेतात पसरलं. आमच्याकडचे लोक तिथल्या वनदुर्गेच्या दर्शनाला जातात, ते हे गाव. पुढचा लाठीमार, अटका, आंदोलन वर्तमानपत्रांत येऊन गेलं. शेतकरी विचारत होते ते साधंच होतं: आमच्या विहिरींचं पाणी आता पिण्याजोगं आहे का?

त्याआधी 2013मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये बोअरवेलच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला होता. भारत पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीतली गळती हे कारण निघालं, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. गळती पहिल्यांदा पकडली ती रहिवाशांच्या नाकांनी. आजी असती तर तिची मान ताठ झाली असती.

पण आजीचं नाक एका जागी हरलं असतं. तेलातल्या सगळ्यात घातक घटकांपैकी एक बेंझीन. पाण्यात त्याचा वास साधारण लिटरला 10 मिलिग्रॅम झाल्यावर येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे बेंझीन एकटंच असेल, तर मर्यादेच्या हजारपट होईपर्यंत नाक गप्प. जुन्या पाण्याच्या आठवणी काढताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

आताची पद्धत खरोखर देखणी आहे. संशयित जागेभोवती लहान व्यासाच्या निरीक्षण-विहिरी घेतात. निदान तीन तरी लागतातच, त्याशिवाय भूजल कुठल्या दिशेला सरकतंय ते कळत नाही. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून विहिरीतल्या नळीच्या चिरा पाण्याच्या पातळीच्या वरही हव्यात आणि खालीही. आत सोडलेली मोजफीत तेलाला टेकली की एक आवाज देते, पाण्याला टेकली की दुसरा. दोन्हींतलं अंतर ती तेलाच्या थराची जाडी. नमुना काचेच्या कुपीत काठोकाठ, हवेचा एक बुडबुडा न ठेवता, बर्फात घालून प्रयोगशाळेकडे. आणि आमच्या भागात एकदा मोजून भागत नाही. 12 जूनला कावेरीवरचं मेट्टूर धरण उघडायचं हा जुना रिवाज. पाणी कालव्यांतून फिरलं की विहिरी चढतात, उन्हाळ्यात उतरतात. त्यांच्याबरोबर तेलही चढतं-उतरतं आणि मधली सगळी माती माखून ठेवतं. जूनमध्ये नितळ दिसलेली विहीर डिसेंबरात तशी असेलच असं नाही.

यंत्रं सुधारली, मोजपट्टी मात्र सैल झाली. पिण्याच्या पाण्याच्या 1991च्या भारतीय मानकात खनिज तेलाची इष्ट मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम होती, दुसरा स्रोत नसेल तर 0.03. 2012च्या मानकात ती 0.5 झाली. आजीने एवढी सवलत रॉकेलच्या डब्याला कधी दिली नसती.

2020मध्ये तमिळनाडूने तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि लगतच्या काही भागांना संरक्षित कृषी क्षेत्र ठरवून तेल-वायूच्या नव्या कामांना बंदी केली. आधीपासून चालू असलेली कामं त्यातून वगळली. जुन्या वाहिन्या आहेत तिथेच आहेत, पेट्रोल पंपांच्या जमिनीतल्या टाक्याही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. आजीच्या काळी प्रत्येक विहिरीची पूर्वीची चव कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असायची, म्हणून बदल झाला की लगेच कळायचा. आता नळ आला, बाटल्या आल्या, आणि विहिरीची ओळख पुसली. गळती झाल्यावर नमुने घेतले जातात तेव्हा पहिला वाद होतो तो 'आधी काय होतं' यावर. शेतकऱ्याकडे सांगायला आठवण असते, आणि समोरचा मागतो तो कागद.

म्हणून तिरुवलंचुळीत असा की बार्शीत, विहिरीजवळ पंप, डेपो किंवा वाहिनी असेल तर पाणी आजच, काही बिघडलेलं नसतानाच, तपासून घ्या: एकदा ऐन उन्हाळ्यात, एकदा पाऊस संपल्यावर. खनिज तेल आणि बेंझीन दोन्ही तपासायला सांगा. तारीख आणि पाण्याची पातळी लिहून अहवाल घरातल्या जमिनीच्या कागदांजवळ ठेवा.