बीपीची गोळी आणि लसीची यादी

सोयाबीन चांगलं उगवलंय, आल्यालाही पाऊस मानवलाय, त्यामुळं आज पिकाचं फार सांगण्यासारखं काही नाही. बऱ्याच जणांनी विचारलंय की बीपी असलेल्यानं कोरोनाची लस घ्यावी का, आणि दुसऱ्या डोसचं काय. मी काही डॉक्टर नाही. आमच्या घरात आणि भावकीत गेल्या सव्वा वर्षात जे झालं ते लिहितो.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, वय ५४, सात-आठ वर्षं बीपी आहे. भावकीतले एक काका आहेत, वय ५८, त्यांनाही. दोघांची गोळी एकच, ॲम्लोडिपिन ५. पण दादा ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणायचा आणि काका तालुक्यातल्या खाजगी दवाखान्यातून. सरकारी गोळीला गुण नसतो, हे काकांचं ठाम मत. आपल्या सातारा जिल्ह्यात कोरोनाच्या आधीपासून इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह नावाचा कार्यक्रम चालू आहे. सरकारी दवाखान्यात बीपी मोजायचं, पेशंटचं कार्ड करायचं, गोळ्या फुकट द्यायच्या आणि पुढच्या वेळी माणूस आला का नाही ते बघायचं, एवढं साधं काम. दादाचं कार्ड होतं. काकांचं नव्हतं.

२४ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झाला. एसटी बंद, नाक्यावर पोलीस, आणि काकांच्या दवाखान्याला कुलूप. एप्रिलमध्ये केंद्राच्या सूचना आल्या, की जुन्या आजाराच्या पेशंटला तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्या, आशाकडून नाहीतर उपकेंद्रातून. त्याप्रमाणं आशाताई दादाच्या गोळ्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. काकांचं नाव रजिस्टरलाच नाही, तर त्यांच्या दारात कोण येणार? आम्ही आणून देतो म्हटलं तर म्हणाले, "आता कुठं काय हुतंय मला? डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. उगं कशाला?"

बीपीचं हेच वाईट. ठिबकवाल्यांना वेगळं सांगायला नको. नळी बाहेरून बघून आतला दाब कळतो का? त्याला गेजच बघावा लागतो. जोड निखळून कारंजं उडालं की सगळ्यांना कळतं, पण तेव्हा गेज बघून काय करायचं.

जूनमध्ये एका पहाटे काकांचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात लुळा पडला. जवळचं रुग्णालय कोविडसाठी राखीव होतं, तिथून पुढं पाठवलं. पुढच्या ठिकाणी आधी कोरोनाची टेस्ट, मग बेड. अर्धांगवायूत मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आमचे सात तास रस्त्यात आणि दारात गेले. काका वाचले, पण डाव्या हातानं आता धारही काढता येत नाही. म्हशी विकल्या. टेस्ट निगेटिव्ह आली होती, म्हणजे कोरोनाच्या कुठल्याच आकड्यात काका नाहीत.

आता लसीचं. १ मार्च २०२१ पासून ६० च्या वरच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या आजार असलेल्यांना लस सुरू झाली. दादाला वाटलं आपला नंबर लागला. केंद्रावर गेला तर २० आजारांची यादी दाखवली. नुसतं बीपी त्यात नाही. बीपीच्या जोडीला हृदयविकार पाहिजे, नाहीतर स्कॅनमध्ये दिसलेला अर्धांगवायू, नाहीतर दहा वर्षांपेक्षा जुना मधुमेह, आणि वर डॉक्टरचं सर्टिफिकेट. दादा परत आला. काकांना मात्र त्याच आठवड्यात लस मिळाली, कारण त्यांच्याकडं बीपी होतं आणि अर्धांगवायूच्या स्कॅनची फाईलही होती.

डोस कमी आणि माणसं जास्त, तेव्हा ज्याला धोका जास्त त्याला आधी, हे मला पटतं. यादी करणाऱ्याची अडचण समजते. पण सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त आशाताईंनी घरोघरी फिरून कुणाला बीपी, कुणाला शुगर हे सगळं लिहून नेलं होतं. गोळीवर असलेली माणसं कागदावर होती. तरी बीपीला मान मिळाला तो त्यानं माणूस आडवा केल्यावरच.

१ एप्रिलला ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली, तर दुसऱ्या आठवड्यात राज्यभर तुटवडा. दादा एकदा हात हलवत परत आला, मग १२ एप्रिलला कोविशिल्ड मिळाली. गावात तोवर उठलं होतं की बीपीवाल्यानं लस घेतली तर अटॅक येतो, आणि कुणी म्हणायचं त्या दिवशी गोळी बंद ठेवायची. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दोन्ही खोडून काढलं. गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, लसही घ्यायची. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेवढं सिस्टरला आधी सांगायचं.

दादा उन्हातून चालत गेलेला, त्यात चहा आणि तंबाखू झालेली. बीपी भरलं १६८/९८. सिस्टरनं हाकललं नाही. पंख्याखाली बसवलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, १५२/९२, मग लस टोचली आणि अर्धा तास थांबवून ठेवलं. तुम्ही जाल तेव्हा मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि पाच मिनिटं गप बसा, बोलायचं पण नाही. रात्री दादाला कणकण आली, सकाळी वैरणीला गेला.

दुसऱ्या डोसचा घोळ असा होता, की २०२१ च्या एप्रिलमध्ये ६ ते ८ आठवडे सांगितलं होतं आणि १३ मे ला ते १२ ते १६ झालं. त्यामुळं मेच्या शेवटी केंद्रावर जाऊन परत आलेले बरेच होते. त्यांना पहिल्या डोसची तारीख बघून मोजावं लागलं. दादाचे १२ आठवडे सोमवारी भरले. काकांचे दोन्ही डोस झालेत, आणि आशाताईंनी मागच्या महिन्यात त्यांचंही कार्ड करून घेतलं. सरकारी गोळी घेताना तोंड वाकडं करतात, पण घेतात.

गुरुवारी उपकेंद्रात लसीकरण आहे, दादाला घेऊन जाणार. सोयाबीनची कोळपणी शुक्रवारी.