रानांतील पहारेकरी

भंडारा जिल्ह्यांतील कोक्याच्या रानास २०१३ सालीं अभयारण्याचा मान मिळाला. त्याच रानाच्या कडेस आम्हां भावंडांचें आजोळ आहे. उन्हाळ्याच्या सुटींत एके सायंकाळीं तेथें आम्हांस तेंदूच्या झाडावर वानरांची टोळी दिसली. तोंड काळें, अंग राखी, शेपूट देहाहून लांब! या शेपटीनें वानर फांदी पकडीत नाहीं. उडी घेतांना ती तोल सांभाळते. कोंवळा पाला हें त्याचें मुख्य अन्न. तो आंबवून पचविण्यासाठीं त्याचें जठर अनेक कप्प्यांचें असतें. पिलूं जन्मतः काळसर असतें, आणि टोळींतील इतर माद्याही त्यास आळीपाळीनें कुशींत घेतात.

वानरांनीं टाकलेलीं फळें व पानें खालीं चितळें खात होतीं. इतक्यांत शेंड्यावरील वानर खोकल्यासारखें कर्कश ओरडूं लागलें. आम्हीं हंसत त्याची नक्कल केली आणि गलोल ताणली. चितळें मात्र क्षणांत पळालीं. जवळच्या वृद्ध गुराख्यानें आमचा हात धरला.

“बाबू, त्याले बिबट दिसला असन, अन् तुमाले हासू येते?”

त्यानें गुरें तत्काळ गांवाकडे वळविलीं. आम्हीही निमूटपणें मागोमाग गेलों. दुसऱ्या दिवशीं नाल्याच्या वाळूंत बिबट्याचे ताजे ठसे पाहून आमचीं तोंडें उतरलीं.

गलोल आम्हीं पुन्हां हातीं धरली नाहीं. बालमित्रहो, ज्याच्या हांकेनें इतरांचे प्राण वांचतात, त्यास दगड मारणें म्हणजे आपल्याच पहारेकऱ्यास मारणें होय.