सांदणच्या तोंडाशी

साम्रद गाव मागे पडते, झाडीतली पायवाट संपते आणि सह्याद्रीची जमीन अकस्मात दुभंगलेली दिसते. हीच सांदण दरी. दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती आणि मधली वाट कुठे कुठे अगदी हातभर दूर असल्यासारखी अरुंद. तळाशी ऊन जेमतेम पोहोचते. भर वैशाखातही तेथील दगड गार लागतात.

आम्ही गेलो ते मे महिन्याच्या अखेरीस. डोक्यावर स्वच्छ ऊन होते. वाट दाखवायला आलेला साम्रदचा तरुण मात्र आमच्या डोक्यावरचे आकाश पाहत नव्हता; त्याची नजर रतनगडाच्या बाजूला जमणाऱ्या वळवाच्या ढगांवर होती. "आजोबा, आज आत नको. पोरांनाही नको," एवढेच तो म्हणाला. नातू हिरमुसला. खरे सांगायचे तर मीही थोडा नाराज झालो. इतक्या लांब येऊन दाराशीच थांबायचे!

त्याचे म्हणणे मला परतताना उमगले. दरी म्हणजे वरच्या पठाराची पन्हळ. खडकात पाणी फारसे मुरत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस चहूकडून धावत येऊन त्या एका चिरेत कोंडतो. रुंदावायला जागा नसल्याने पाणी उंच चढते, वेग घेते. पाऊस कोठे पडतो आहे, हे तळाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, अँटिलोप कॅनियन या अशाच चिंचोळ्या दरीत 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 पर्यटक वाहून गेले. दरीवर त्या वेळी पाऊस नव्हताच म्हटले तरी चालेल. वादळ झाले होते ते काही मैल वरच्या अंगाला.

वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. मग गुडघे कुरकुरणाऱ्या, तोल सावरायला काठी लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करावे? सांदणच्या आत मोठमोठ्या धोंड्यांवरून चढ-उतार आहे, पाण्याचे डोह आहेत. लोंढा आला तर पळणे व्यर्थ. बाजूच्या उंच जागी चढणे हाच उपाय, आणि तेच आपल्याला जमत नाही. घरच्यांनी आग्रह केला तरी दरीच्या तोंडाशी, मोकळ्या उंच जागी बसावे. आत गेलेल्यांना मात्र बजावून ठेवावे : पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहू लागला, वरून घरघर ऐकू आली, की फोटो सोडून वर चढायचे. आणि पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

आम्ही गाडीत बसून रतनवाडीला आलो. अमृतेश्वराच्या मंदिरात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच टपोरे थेंब सुरू झाले आणि पाहता पाहता समोरचा रतनगड दिसेनासा झाला. नातू दगडी खांबाला टेकून गप्प उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आजोबा, तो दादा घरी पोहोचला असेल ना?"