खांदेरीचा उजेड

किनाऱ्यावरच्या थळ गावात वाढलेल्या मुलीला समोरच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह कुणी मुद्दाम दाखवावं लागत नाही. अंधार पडला की समुद्रातून त्याचा झोत येतो नि जातो. वडील होडी घेऊन गेलेले असले की तिची आई रात्री एकदा तरी दार उघडून तिकडे बघायची. लहानपणी ती बेटावर गेली ती वेताळाच्या दर्शनाला. तेव्हापासून लक्षात राहिला तो तिथला वाजणारा खडक. दिसायला साधा दगड, पण ठोकला की पितळी घंगाळासारखा खणखणतो! पोरं आळीपाळीनं ठोकत होती आणि मोठी माणसं परत निघायची घाई करत होती.

दीपगृह इंग्रजांनी १८६७ साली बांधलं, हे तिला कॉलेजात कळलं. इतिहास शिकवू लागल्यावर मात्र त्याआधीची हकिकत तिला स्वस्थ बसू देईना.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं १६७९च्या पावसाळ्यात मराठा आरमारातले मायनाक भंडारी या उजाड बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता. त्यांनी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. पण मोठ्या जहाजांना वारा लागतो, खोल पाणी लागतं. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालायच्या, उथळ पाण्यातून निसटायच्या. नागावच्या खाडीतून निघायचं आणि काळोखात बेटावर रसद उतरवायची! १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं आणि १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट धरलं, खांदेरी राहिली. पुढे १७१८ मध्ये, मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन आला. तोही हात हलवत परतला.

ज्या बेटानं काळोखाच्या आडोशानं तग धरला, तिथेच पुढे इंग्रजांनी दिवा लावला. तिला हे फार विलक्षण वाटतं. जागा तीच, मोक्याची. फक्त आता मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना ती लांबून दिसायला हवी होती. दीपगृहाची करामत भिंगात असते: दिव्याभोवती रचलेले काचेचे लोलक चहूकडे पांगणारा प्रकाश गोळा करून क्षितिजाकडे पाठवतात. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, त्यावरून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतो.

आता ती विद्यार्थ्यांना बेटावर घेऊन जाते. तटावर चाकांच्या गाड्यावर चढवलेली तोफ आहे. एरवी किल्ल्यांवर तोफा जमिनीवर लोळताना दिसतात, त्यामुळे मुलं आधी चाकांनाच हात लावून बघतात. समोर उंदेरी दिसते. दीपगृहाला आज कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, हे योग्यच झालं. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरीही आहे. आता गर्दी वाढेल. येणाऱ्या प्रत्येकाला मायनाक भंडारींचं नावही ठाऊक असावं, असं तिला कळकळीनं वाटतं. म्हणून ती मुलांकडून बेटाचा मोठा नकाशा करून घेते आहे. त्यात नागावपासूनची होड्यांची वाट लाल शाईनं आखायचं ठरलं आहे.