बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर

भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी नवापूरला थांबते तेव्हा स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात असतो, दुसरा गुजरातेत. डब्यातल्या अहिराणी गप्पांना त्याचं काही नव्हतं. त्या थेट उधन्यापर्यंत चालल्या. सुरतेच्या लिंबायत-दिंडोलीत खानदेशी माणसांची घरं आहेत, यंत्रमागावर त्यांचं पोट आहे.

मला जायचं होतं चौकबाजारच्या किल्ल्यात. पोर्तुगीजांच्या धाकाने सोळाव्या शतकात खुदावंदखानाने तो तापीकाठी बांधला. आता महापालिकेने डागडुजी करून आत संग्रहालय केलं आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले, तेव्हा शहराचा मुघल अधिकारी इनायतखान या गोल बुरुजांआड दडून बसला. बुरुजावर उभं राहिलं की पुढचं उमगतं. महाराजांचा तळ दूर, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. तोफांच्या टप्प्यात होती ती सुरतकरांचीच घरं, आणि किल्ल्यातल्या गोळ्यांनी नुकसान झालं तेही त्यांचंच.

शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून मुलूख तुडवत होता. त्याची भरपाई बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाली. पैसा तर आलाच. पण दिल्लीच्या मर्मावर हात टाकता येतो, हे मावळातल्या शेतकऱ्याला त्या दिवसांत कळलं. मराठी माणसाला ‘आपलं राज्य’ म्हणायचं बळ अशा स्वाऱ्यांनी दिलं, असं मी मनापासून मानतो.

म्हणूनच ही कथा अर्धी सांगू नये. कॅप्युचिन पाद्री अँब्रोझ यांच्या मठाला धक्का लागला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण इनायतखानाच्या वकिलाने महाराजांवर खंजीर उगारल्यानंतर कैद्यांचे हात तोडले गेले, तेही पकडल्या गेलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रज व्यापाऱ्याने पाहिलं. वीरजी वोरासारख्या सावकारांचे वाडे लुटले गेले, मोहल्ले जळाले. सुरतकरांच्या आठवणीत ती आगही आहे.

ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. परततानाच दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशी आडवा आला आणि मराठ्यांनी खजिना सांभाळत उघड्या मैदानात मुघल फौज मोडली. गनिमी काव्यापलीकडचं हे बळ चार वर्षांनी रायगडावर सिंहासनाला कामी आलं. म्हणून मी परतीला रेल्वे सोडून नाशिकची वाट धरली. मुक्काम दिंडोरीला.