हिवाळ्यापुरतं ऑफिस नाकाडोंगरीला!

युरोपातली काही मंडळी थंडी पडली की स्पेन नाहीतर ग्रीसच्या एखाद्या खेड्यात दोन-तीन महिने घर भाड्यानं घेतात आणि तिथूनच ऑफिसचं काम करतात. स्पेननं तर २०२३ पासून अशांसाठी वेगळा व्हिसाच ठेवला आहे. ‘आपलं कुठलं एवढं नशीब!’ म्हणू नका हं. तुमची नोकरी घरून करण्यासारखी असेल, तर आपल्या भंडारा जिल्ह्यातलं नाकाडोंगरी काय वाईट?

नागपूरहून हावडा लाइनीवर तुमसर रोडला उतरायचं आणि कटंगीच्या रस्त्याला लागायचं. जवळच बावनथडी नदी आणि मध्य प्रदेशची हद्द. म्हणून मराठीबरोबर हिंदी, झाडीबोली, पोवारी असं सारंच कानावर पडतं. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. टॉर्चच्या सेलमधली काळी पूड अशाच खनिजाची असते बरं का!

दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी असते. उभ्या धानातच लाखोळी टाकलेली असते, ती मागाहून शेत पुन्हा हिरवं करते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक रंगतं. दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग तेवढी ठेवू नका!

घर ओळखीतूनच शोधा. पैसे देण्याआधी, ज्या खोलीत बसणार तिथूनच फोन लावून पाहा. दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं जवळ ठेवा. वीज किती वेळ जाते, पाणी कधी येतं, हे शेजारणीला विचारा. रजया न्या, भांडी मात्र मोजकीच, एक कुकर, एक कढई, एक तवा. भांडी वाढली की स्वयंपाक वाढतो! आजूबाजूला जंगल आहे, तेव्हा अंधार पडल्यावर एकटीनं फिरायला जाऊ नका. मुलांची शाळा असेल तर दिवाळीच्या सुट्टीतले पंधरा दिवससुद्धा पुष्कळ झाले.

आता खरी गोष्ट. घरून काम करणाऱ्या बाईचं शहरात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ‘घरीच आहेस ना?’ म्हणत सिलिंडर, पाहुणे, सासूबाईंचं औषध सारं तिच्याच गळ्यात, आणि ऑफिसचं काम रात्री अकराला. इथे सकाळी विळा घेऊन बायका कापणीला निघतात. त्यांना कुणी ‘घरीच आहेस ना?’ म्हणत नाही. परत आल्यावर चूल त्यांनाही चुकलेली नाही. पण कामाची वेळ ती कामाचीच.

तेव्हा निघण्यापूर्वीच घरात बोलून घ्या. सकाळचा चहा कोण करणार, दुपारचा भात कोण लावणार आणि तुमच्या खोलीचं दार किती वाजेपर्यंत बंद राहणार. एवढं ठरलं नाही, तर गाव बदलेल, पण तुमचा दिवस तोच राहील. आणि ठरलं, तर परत आल्यावर शहरातल्या घरातही ते दार बंद ठेवायला विसरू नका.